कॅमेरा उचलण्याआधी

संस्था एका खोलीतली का असेना, तिचे कागद आधी वाचा. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांची नोंदणी १९५०च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्त कार्यालयात होते. विश्वस्त कोण, मालमत्ता किती, हे तिथल्या परिशिष्ट-१च्या उताऱ्यात मिळतं. मग मुलाखतीत स्थापनेचं साल विचारत बसावं लागत नाही.

संस्था निराधार मुलांसाठी असेल, तर जरा जपून. बालन्याय कायदा, २०१५च्या कलम ७४नुसार अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र, म्हणजे ओळख पटेल असं काहीही, प्रसिद्ध करता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. संस्थाचालकांचं तोंडी ‘घ्या हो शूटिंग’ इथे कामाचं नाही. चेहरे धूसर करण्यापेक्षा दाराशी काढलेल्या चपला, पीठ मळणारे हात टिपा. पडद्यावर तेच जास्त बोलतं.

ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकत असेल, तर सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. मुलाखतीपुरता पंखा बंद करायला मात्र सांगाच. उकाड्याने सगळे कुरकुरतील, पण ती घरघर संकलनात धड निघत नाही.