अतिप्रदान

शासन, स्थानिक प्राधिकरण किंवा अन्य सार्वजनिक संस्था यांच्याकडून एखाद्या व्यक्तीस नियमाने देय असलेल्या रकमेपेक्षा चुकीने अधिक दिली गेलेली किंवा मुळीच देय नसताना दिली गेलेली रक्कम. चुकीची वेतननिश्चिती, एखादी जादा वेतनवाढ, निवृत्तिवेतनाच्या हिशोबातील दोष, मृत्यूनंतरही खात्यात जमा होत राहिलेले निवृत्तिवेतन, अपात्र व्यक्तीस मिळालेले अनुदान ही अतिप्रदानाची नेहमी आढळणारी उदाहरणे होत. चूक सर्वस्वी देणाऱ्याची असली, तरी घेणाऱ्याने रक्कम परत केली पाहिजे काय, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न आहे. ‘होय’ असे त्याचे मूळ उत्तर असले, तरी या उत्तराला जे अपवाद पडत गेले, त्यांतच या विषयाचे खरे महत्त्व आहे.

चुकीने मिळालेले धन परत मागण्याचा दावा रोमन विधीतही मान्य होता. भारतात या बाबतीत भारतीय संविदा अधिनियम, १८७२ मधील कलम ७२ हे आधारभूत आहे. चुकीने किंवा जबरदस्तीमुळे ज्या व्यक्तीला पैसे अथवा वस्तू दिल्या गेल्या असतील, तिने त्या परत केल्या पाहिजेत, असा या कलमाचा आशय आहे. अधिनियमातच दिलेल्या उदाहरणानुसार, दोघांनी मिळून देणे असलेले १०० रुपये एकाने फेडल्यानंतर दुसऱ्याने अजाणता पुन्हा फेडले, तर धनकोने ते दुसऱ्यास परत केले पाहिजेत. येथे उभयतांत पैसे परत करण्याचा करार नसतो. दुसऱ्याच्या चुकीवर कोणी श्रीमंत होऊ नये, या तत्त्वातून हे बंधन उत्पन्न होते. देणाऱ्याने निष्काळजीपणा केला, एवढ्याने त्याचा हक्क जात नाही, हे इंग्लंडमध्ये १८४१ साली केली विरुद्ध सोलारी या खटल्यात ठरले. हप्ता न भरल्यामुळे रद्द झालेल्या विमापत्राची रक्कम विमा कंपनीच्या संचालकांनी विसरून चुकती केली होती. कायद्याविषयीच्या गैरसमजातून दिलेली रक्कम मात्र परत मिळत नाही, हा १८०२ पासूनचा इंग्लिश नियम तेथे १९९८ पर्यंत टिकून होता. भारतात प्रिव्ही कौन्सिलने १९४९ मध्येच कलम ७२ मधील ‘चूक’ या शब्दात कायद्याविषयीची चूकही येते, असा निर्णय दिला.

देणारी संस्था सार्वजनिक असली, की प्रश्नाला आणखी एक बाजू येते. संविधानाच्या अनुच्छेद २६६ प्रमाणे एकत्रित निधीतील पैसा कायद्यानुसारच खर्च होऊ शकतो. अधिकाऱ्याने चुकीने दिलेल्या पैशाला विधिमंडळाची मान्यता नसते. त्यामुळे ‘मला दिले म्हणून माझे झाले’ असे म्हणता येत नाही. न्यू झीलंडमधून आलेल्या ऑकलंड बंदर मंडळाच्या अपिलात प्रिव्ही कौन्सिलने १९२४ साली हेच तत्त्व मांडले. खाजगी धनी आपला पैसा सोडून देऊ शकतो. पण सार्वजनिक पैसा सोडून देण्याचा अधिकार तो वाटणाऱ्या अधिकाऱ्याला नसतो.

शासन स्वतः घेणारे असते, तेव्हा काय होते हेही पाहण्यासारखे आहे. पुढे अवैध ठरलेला विक्रीकर एका पेढीने भरला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये विक्रीकर अधिकारी, बनारस विरुद्ध कन्हैयालाल मुकुंदलाल सराफ या खटल्यात कलम ७२ च्या आधारे त्याचा परतावा मान्य केला आणि राज्याने ती रक्कम नेहमीच्या कारभारात खर्च करून टाकली, ही सबब ऐकली नाही. नऊ न्यायाधीशांच्या पीठाने १९९६ मध्ये मफतलाल इंडस्ट्रीजच्या प्रकरणात या मोकळीकीला बरीच मुरड घातली. परतावा त्या त्या कर-अधिनियमातील तरतुदीनुसारच मागावा आणि कराचा बोजा ग्राहकावर ढकललेला नाही हे मागणाऱ्याने दाखवावे, असे ठरले. तथापि ‘पैसे खर्च झाले’ ही शासनाच्या तोंडी न चाललेली सबब कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या बाबतीत सवलतीचे प्रमुख कारण ठरली आहे. या भेदात विसंगती मानण्याचे कारण नाही. राज्याला पुढील वर्षी पुन्हा कर मिळतो, निवृत्त शिपायाला पुन्हा वेतन मिळत नाही.

शासकीय सेवेतील अतिप्रदान : भारतात या विषयावरील बहुतेक वाद सेवाविषयक आहेत. लहान चूक वर्षानुवर्षे वाढत जाते, हे त्याचे कारण. समजा, पदोन्नतीच्या वेळी वेतननिश्चितीत एक वेतनवाढ जादा धरली गेली व मूळ वेतन दरमहा ९०० रुपयांनी वाढले. महागाई भत्ता आणि पुढील वाढींवरील परिणाम सोडून दिला, तरी १० वर्षांत अतिप्रदान १,०८,००० रुपये होते. कर्मचाऱ्याच्या हाती पडलेले हे पैसे घरभाडे, फी व औषधपाणी यांत दर महिन्याला संपलेले असतात. वसुलीचा आदेश मात्र एकरकमी येतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये दोन निवाड्यांत अशी वसुली थांबविली. पहिल्यात १९७३ पासून चुकीने वरची वेतनश्रेणी मिळालेले व १९८४ मध्ये ती काढून घेतली गेलेले औषधनिर्माते होते, तर दुसऱ्यात हरियाणातील एका महाविद्यालयाचे ग्रंथपाल. चुकीची वेतनश्रेणी पुढे चालू राहणार नाही. पण कर्मचाऱ्याने खोटी माहिती दिलेली नसल्यामुळे दिलेले पैसे परत घेऊ नयेत, असे या निवाड्यांचे सूत्र होते. यामागील कारण २००६ च्या एका निवाड्यात स्पष्ट झाले. खालच्या श्रेणीतील कर्मचारी मिळेल ते वेतन आपले हक्काचे समजून कुटुंबासाठी खर्च करतो. मागाहून वसुली केल्यास त्याच्यावर असह्य भार पडतो. मात्र हा त्याचा हक्क नव्हे, ही समन्यायाच्या पोटी दिलेली सवलत आहे. आपल्याला जादा मिळते हे त्याला ठाऊक असेल किंवा चूक अल्पावधीतच दुरुस्त झाली असेल, तर ती मिळणार नाही, असेही न्यायालयाने सांगितले.

याच्या उलट सूर २०१२ मध्ये उत्तराखंडातील शिक्षकांच्या प्रकरणात उमटला. हा करदात्यांचा पैसा आहे, तो देणाऱ्या अधिकाऱ्यांचाही नाही व घेणाऱ्यांचाही नाही; म्हणून फसवणूक नसली तरी तो वसूल झाला पाहिजे, असे न्यायालय म्हणाले व १२ मासिक हप्त्यांत वसुली करण्यास त्याने मुभा दिली. दोन्ही मते एकत्र वाचली, तर उच्च न्यायालयांची अडचण का झाली असेल ते समजते. पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या प्रकरणात हा प्रश्न तीन न्यायाधीशांपुढे गेला. पूर्वीची सवलत अनुच्छेद १४२ खालील विशेष अधिकारातून त्या त्या प्रकरणापुरती दिलेली होती, त्यामुळे निर्णयांत खरा विरोध नाही, असा खुलासा त्यांनी केला.

त्यानंतर १८ डिसेंबर २०१४ रोजी दोन न्यायाधीशांच्या पीठाने वसुली अनुज्ञेय नसलेले पाच प्रसंग नमूद केले व आज सर्व कार्यालयांत याच निवाड्याचा आधार घेतला जातो. वर्ग ३ व वर्ग ४ मधील, म्हणजे गट क व गट ड मधील कर्मचारी; निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे कर्मचारी; आणि वसुलीच्या आदेशापूर्वी पाच वर्षांहून अधिक काळ चालू असलेले अतिप्रदान हे पहिले तीन होत. वरिष्ठ पदाचे काम चुकीने करवून घेऊन त्याचे वेतन दिले गेले असेल तो चौथा आणि वसुली मालकाच्या हक्कापेक्षा अधिक अन्याय्य, कठोर किंवा मनमानी ठरेल असा इतर कोणताही प्रसंग हा पाचवा होय. केंद्र शासनाने २ मार्च २०१६ च्या कार्यालयीन ज्ञापनाद्वारे हे निकष आपल्या विभागांना कळविले. यांतील पाचवा प्रसंग इतका व्यापक आहे, की आधीच्या चारही प्रसंगांचे मूळ त्यात सामावते. व्यवहारात मात्र कार्यालये पहिल्या तिन्हींपुढे क्वचितच जातात.

या सवलतीला सर्वांत मोठी खिंड पडली ती वचनपत्रामुळे. सुधारित वेतनश्रेणी स्वीकारताना ‘जादा रक्कम दिल्याचे आढळल्यास परत करीन’ असे लिहून घेण्याची पद्धत आहे. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने केलेल्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१६ मध्ये, असे वचनपत्र देणाऱ्या न्यायिक अधिकाऱ्यास निवृत्त झाल्याच्या कारणावरून सूट मिळत नाही, असे ठरवून हप्त्यांनी वसुली मान्य केली. वसुली होऊ शकते याची जाणीव त्या व्यक्तीला आधीपासून होती, ही त्यामागील भूमिका तर्कशुद्ध आहे. परंतु वेतन आयोगाचा लाभ हवा असेल तर छापील वचनपत्रावर सही करण्यावाचून लिपिकापुढे दुसरा मार्ग नसतो, याचाही विचार झाला पाहिजे. निवृत्त लिपिकवर्गीय व लघुलेखक यांना दिलासा देण्याकडेच न्यायालयांचा कल पुढेही राहिला असून ओडिशातील कटक जिल्हा न्यायालयाच्या निवृत्त लघुलेखकांकडून करावयाची वसुली एप्रिल २०२५ मध्ये रद्द झाली.

वसुलीची कार्यपद्धतीही महत्त्वाची आहे. शासनाला अशा रकमेसाठी दिवाणी दावा क्वचितच लावावा लागतो, कारण कर्मचाऱ्याचे वेतन व उपदान त्याच्याच हातात असते. परिणामी दाद मागण्याचा भार ज्याचे पैसे कापले गेले त्याच्यावर पडतो. म्हणूनच कारणे दाखवा नोटीस व म्हणणे मांडण्याची संधी यांना येथे विशेष किंमत आहे. एका रेल्वे कर्मचाऱ्याचे १९७० साली १९० रुपये ठरलेले मूळ वेतन १९९१ मध्ये पूर्वलक्षी प्रभावाने १८१ रुपये करण्यात आले. फरक ९ रुपयांचा असला, तरी नोटीस न देता असे करणे हे नैसर्गिक न्यायाचे उल्लंघन आहे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तो आदेश रद्द केला. मुदत अधिनियम, १९६३ प्रमाणे शासनाच्या दाव्यास सर्वसाधारणपणे ३० वर्षांची मुदत असल्यामुळे केवळ कालावधीच्या मुद्द्यावर कर्मचाऱ्याचे फारसे संरक्षण होत नाही. न्यायालयाने घातलेली पाच वर्षांची मर्यादा म्हणूनच मोलाची आहे.

महाराष्ट्रात महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मध्ये नियम १३४-अ अन्वये निवृत्तांकडून अतिप्रदान वसूल करण्याची तरतूद आहे. मात्र त्यापूर्वी त्यांना म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी लागते. व्यवहारात चूक उघडकीस येते ती बहुधा सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे किंवा निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांसह महालेखापालांकडे गेल्यावर. म्हणजे २० वर्षे कोणाच्या लक्षात न आलेली नोंद नेमकी निवृत्तीच्या तोंडावर सापडते आणि मुलीच्या लग्नासाठी किंवा घरासाठी ज्या उपदानाकडे कर्मचारी डोळे लावून बसलेला असतो, त्यातून ती वळती होते. वेतननिश्चितीनंतर लगेच पडताळणी झाली, तर यांतील बरेचसे वाद उद्‌भवणारच नाहीत.

निवृत्तिवेतन बँकेमार्फत दिले जात असल्यास आणखी एक पक्ष निर्माण होतो. भंडारा येथील आयुध निर्माणीतील एका वयोवृद्ध निवृत्ताच्या निवृत्तिवेतनातून सार्वजनिक क्षेत्रातील एका बँकेने सुमारे ३ लाख ६९ हजार रुपयांची वसुली सुरू केली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑगस्ट २०२० मध्ये ती बेकायदेशीर ठरविली. निवृत्तिवेतन किती असावे हे ठरविण्याचा अधिकार मालकाचा आहे, त्याचे वाटप करणाऱ्या बँकेचा नाही, असे त्या निर्णयाचे मर्म आहे.

घेणाऱ्याचाच दोष असेल, तर यांपैकी कोणतीही सवलत लागू होत नाही. महाराष्ट्राच्या २००० च्या जातप्रमाणपत्रविषयक अधिनियमातील कलम १० नुसार खोट्या प्रमाणपत्राच्या आधारे घेतलेली शिष्यवृत्ती, अनुदान वा अन्य आर्थिक लाभ जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येतात. कल्याणकारी योजनांत मात्र दोष कोणाचा हे ठरविणेच कठीण असते. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजनेत पात्र शेतकरी कुटुंबास वर्षाला ६,००० रुपये दिले जातात. आयकर भरणारे त्यातून वगळलेले आहेत. ४२ लाखांहून अधिक अपात्र व्यक्तींना सुमारे ३,००० कोटी रुपये दिले गेल्याचे शासनाने जुलै २०२१ मध्ये संसदेत सांगितले व राज्यांकरवी वसुली सुरू केली. अर्ज स्वयंघोषणेवर स्वीकारले गेले व छाननी मागाहून झाली. तेव्हा सर्वच अपात्रांना लबाड ठरविणे जितके चुकीचे, तितकेच सर्वांना निरागस मानणेही चुकीचे होईल.

इतर देशांतील अनुभव : ब्रिटनमध्ये आजारपणाच्या काळात १,००७ पौंड जादा वेतन मिळालेल्या शिक्षकाकडून ते परत मागणाऱ्या एव्हन परगणा परिषदेची मागणी १९८३ मध्ये फेटाळली गेली. वेतन बरोबर असल्याचा विश्वास परिषदेनेच निर्माण केला होता व आता तिला त्यापासून मागे फिरता येत नव्हते. खर्च झालेली रक्कम निम्म्याहून थोडीच अधिक असूनही शिक्षकाला काहीच परत करावे लागले नाही. असा टोकाचा परिणाम टाळणारा मार्ग लॉर्ड सभेने १९९१ मध्ये स्वीकारला. त्यानुसार घेणाऱ्याने सद्‌भावनेने आपली परिस्थिती जितकी बदलली असेल, तितक्यापुरतीच त्याला सूट मिळते. सामाजिक सुरक्षेच्या लाभांबाबत, लाभार्थीने चुकीची माहिती दिली नसेल तर कायद्याबाहेर जाऊन वसुली करता येणार नाही, असा ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये निर्णय दिला. परंतु २०१२ च्या अधिनियमाने नव्या एकत्रित लाभाच्या बाबतीत कार्यालयाच्या चुकीने गेलेली रक्कमही वसुलीयोग्य केली.

वसुली करणाऱ्याचाच हिशोब चुकला तर काय होते, हे दोन देशांत दिसून आले. नेदर्लंड्समध्ये बालसंगोपन भत्त्याच्या अर्जातील किरकोळ त्रुटींवरून हजारो कुटुंबांकडून संपूर्ण भत्ता परत मागितला गेला आणि या प्रकरणी जानेवारी २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. ऑस्ट्रेलियात २०१५ नंतर वार्षिक उत्पन्नाची पंधरवड्यांत सरासरी काढून संगणकाद्वारे लाभार्थींवर थकबाकीच्या मागण्या काढल्या जात. ज्याने वर्षातले काही महिनेच काम केले, त्याला या सरासरीमुळे बेकारीच्या महिन्यांतही उत्पन्न असल्याचे दिसे आणि जे अतिप्रदान झालेच नव्हते ते त्याच्याकडून मागितले जाई. संघीय न्यायालयात २०१९ मध्ये ही पद्धत बेकायदेशीर ठरली. २०२० मध्ये शासनाने सुमारे ७२ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर परत करण्याचे जाहीर केले आणि जुलै २०२३ मध्ये राजकीय चौकशी आयोगाने आपल्या अहवालात या योजनेवर कठोर ठपका ठेवला.