समोर ‘खुलताबाद’ दिसतंय, पण सर्चमध्ये सापडत नाही! असं का होतं?

समजा, तुमच्याकडे वेरूळ, म्हैसमाळ, खुलताबाद अशा गावांची एक्सेल यादी आहे. तुम्ही फिल्टरमध्ये ‘खुलताबाद’ निवडता आणि डोळ्यांसमोर असलेल्या काही नोंदी त्यात येतच नाहीत. स्पेलिंग बरोबर, फॉन्टही तोच. मग गडबड कुठे आहे?

न दिसणारी अक्षरं

कॉम्प्युटर अक्षरं नाही, तर त्यांचे क्रमांक साठवतो. साध्या स्पेसचा क्रमांक ३२. वेबसाइटवरून कॉपी केलेल्या मजकुरात मात्र अनेकदा ‘नो-ब्रेक स्पेस’ येते, तिचा क्रमांक १६०. दिसायला दोन्ही सारख्या, कॉम्प्युटरसाठी वेगळ्या. टॅब (९) आणि नवी ओळ (१०) हेही असेच लपून बसतात.

ओळखायचं कसं?

एक्सेलमध्ये ‘लेन’ फॉर्म्युला वापरा. ‘खुलताबाद’ वाचताना पाच अक्षरं वाटतात, पण कॉम्प्युटर काना आणि उकार वेगळे मोजतो. त्यामुळे उत्तर ८ यायला हवं. ९ आलं, तर आत कुणीतरी बिनबोलावता पाहुणा आहे. ‘ट्रिम’ने साध्या जादा स्पेस जातात, पण १६० क्रमांकाची जात नाही. ती ‘सबस्टिट्यूट’ने बदलावी लागते.

मोठ्या सिस्टीममध्ये काय करतात?

१९५९ साली जन्मलेली आरपीजी ही भाषा आजही आयबीएमच्या सर्व्हरवर चालते. तिथल्या ईबीसीडीआयसी पद्धतीत स्पेसचा क्रमांक ६४ असतो. त्याखालचे क्रमांक दाखवण्यासाठी नसतातच. असा एखादा क्रमांक नावात घुसला, तर स्क्रीनवरच्या अक्षरांचा रंग बदलू शकतो किंवा मजकूर गायब होऊ शकतो. प्रोग्रामर आधी एसक्यूएलच्या ‘हेक्स’ने खरे क्रमांक बघतात. मग आरपीजीत ‘एक्सलेट’, तर एसक्यूएलमध्ये ‘ट्रान्सलेट’ किंवा ‘रिप्लेस’ वापरून नको असलेल्या अक्षराच्या जागी स्पेस टाकतात. स्पेसच का? कारण अक्षर नुसतं उडवलं, तर दोन शब्द एकमेकांना चिकटू शकतात.

मग सगळीच अदृश्य अक्षरं काढून टाकायची?

मराठीत हीच चूक महागात पडते. ‘दऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे साठवता येतो. एकात नुक्ता असलेला ‘ऱ’ असतो. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर ‘झिरो विड्थ जॉइनर’ नावाचं अदृश्य चिन्ह. हे चिन्ह कचरा समजून काढलं, की ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होतं. डोंगरातल्या दऱ्यांचा थेट समुद्र! म्हणून अशा शब्दांत आधी नुक्त्याचा ‘ऱ’ आणायचा, साफसफाई नंतर.

याचा आपल्याशी काय संबंध?

२०२३ मध्ये औरंगाबाद जिल्ह्याचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं. अशा वेळी डेटामध्ये जुनं नाव शोधून नवं टाकावं लागतं. एखाद्या नोंदीत नावाच्या मध्येच अदृश्य अक्षर असेल, तर ती नोंद जुन्याच नावावर राहते. उलट सरसकट बदल केला, तर बिहारमधलं औरंगाबादही संभाजीनगर होऊन बसतं.

म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी फाइलची कॉपी, मग मोजणी, मग बदल. आणि बदलानंतर किती नोंदी बदलल्या, ते एकदा मोजून बघाच. यादीतून गळालेलं नाव हे शेवटी कुणाचं तरी गाव असतं.