भगव्या वस्त्रांतले खासदार : स्वामी रामानंद तीर्थ

अंबाजोगाईच्या ‘स्वाराती’ रुग्णालयात रोज खेड्यापाड्यांतून माणसं येतात. १९७४ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं हे रुग्णालय, आणि नाव स्वामी रामानंद तीर्थांचं. पण हे स्वामी कोण, असं विचारलं की ‘असतील कुठल्या तरी मठाचे महाराज’ हे उत्तर बीड जिल्ह्यातही ऐकायला मिळतं. मराठवाड्याच्या मुक्तिलढ्याचं नेतृत्व करणाऱ्या माणसाबद्दल इतकी कमी माहिती असावी, याचं वाईट वाटतं.

स्वामीजी कुठल्या मठाचे अधिपती नव्हते. त्यांचा जन्मही मराठवाड्यातला नाही. व्यंकटेश भगवानराव खेडगीकर हे त्यांचं मूळ नाव. ३ ऑक्टोबर १९०३ रोजी तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीत ते जन्मले. असहकार चळवळीत त्यांनी सरकारी शाळा सोडली आणि पुढे टिळक महाराष्ट्र विद्यापीठातून पदवी घेतली. मग कामगारनेते ना. म. जोशी यांच्याकडे त्यांनी काम केलं. म्हणजे संन्यास आधी आणि राजकारण नंतर, हा समज उलटा आहे. गिरणी कामगारांचे प्रश्न त्यांनी भगवी वस्त्रं नेसण्याच्या आधीच जवळून पाहिले होते. १९२९ मध्ये ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक झाले. संन्यासाची दीक्षा त्यांनी घेतली ती तिथे शिकवत असताना, आणि दीक्षेनंतरही त्यांनी शिकवणं थांबवलं नाही.

१९३५ मध्ये ते सहकाऱ्यांसह अंबाजोगाईला आले. तेव्हा गावाचं सरकारदरबारी नाव मोमिनाबाद होतं. इथल्या योगेश्वरी शाळेत त्यांनी घालवलेली वर्षं ‘शिक्षकी पेशा’ एवढ्या दोन शब्दांत उरकली जातात, ते मला पटत नाही. मराठवाडा तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता आणि तिथे ‘गश्ती निशान ५३’ हे परिपत्रक लागू होतं. त्यामुळे सरकारी परवानगीशिवाय सभा घेता येत नसे. उच्च शिक्षणाचं माध्यम उर्दू होतं. व्याख्यानाला मुभा नाही, राजकीय संघटनेला तर मुळीच नाही, अशा वेळी चार माणसं उघडपणे एकत्र येऊन विचार करू शकतील अशी जागा म्हणजे खासगी शाळा. हिप्परगा आणि अंबाजोगाईच्या शाळांतले कितीतरी शिक्षक-विद्यार्थी पुढे मुक्तिलढ्यात दिसतात ते यामुळेच. बाबासाहेब परांजपे हे त्यांतलं ठळक नाव.

सगळ्यात हट्टी गैरसमज असा, की हा लढा हिंदूंचा मुसलमान राजाविरुद्धचा होता आणि संन्यासी नेता हाच त्याचा पुरावा. ‘ही संघटना जातीय आहे’ हाच आरोप करून निजाम सरकारने सप्टेंबर १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती रीतसर स्थापन होण्याआधीच बंदी घातली होती. २४ ऑक्टोबरला तिचा सत्याग्रह सुरू झाला. स्वामीजी अंबाजोगाईची शाळा सोडून त्यात उतरले आणि तुरुंगात गेले. त्याच सुमारास आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचेही सत्याग्रह चालू होते. सगळं एकात एक मिसळू लागलं, तेव्हा गांधीजींच्या सल्ल्याने स्टेट काँग्रेसने ऐन भरात आलेला आपला सत्याग्रह दोन महिन्यांत स्थगित केला. लढ्याला धर्माचा रंग लागू नये म्हणून चळवळ थांबवणं कार्यकर्त्यांना किती जड गेलं असेल! दुसरी बाजूही सांगायला हवी. रझाकार या निजामसमर्थक सशस्त्र संघटनेविरुद्ध निर्भीडपणे लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत खून झाला. लढा फक्त धर्माचा असता, तर या बलिदानाचा अर्थच लागत नाही.

पहिल्या दिवसापासून मागणी विलीनीकरणाची होती, हेही खरं नाही. १९३८ ची मागणी निजामाच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धतीची होती. बंदी उठली १९४६ मध्ये. जून १९४७ च्या हैदराबाद अधिवेशनात स्वामीजी अध्यक्ष होते आणि तिथून भारतात सामील होण्याची हाक गेली. १५ ऑगस्टच्या पहाटे त्यांना अटक झाली. नोव्हेंबरअखेर भारत सरकार आणि निजाम यांच्यातल्या ‘जैसे थे’ करारानंतर ते सुटले, पण २६ जानेवारी १९४८ ला त्यांना पुन्हा पकडलं. देश स्वतंत्र झाला तेव्हा बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि इथला नेता गजाआड. भारतीय सैन्याची ‘पोलिस ॲक्शन’ १३ सप्टेंबरला सुरू झाली आणि १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला. त्यानंतर स्वामीजी बाहेर आले.

पुढे त्यांना सत्ता मिळाली, असं अनेकजण धरून चालतात. धर्मगुरू सत्तेवर आल्याची उदाहरणं आहेतही : सायप्रसचे आर्चबिशप मकारिओस १९६० मध्ये त्या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. स्वामीजी मात्र कधी साधे मंत्रीही झाले नाहीत. १९५२ मध्ये गुलबर्ग्याहून आणि १९५७ मध्ये औरंगाबादहून ते लोकसभेवर गेले, एवढंच. हैदराबाद राज्याची भाषावार विभागणी व्हावी, हा आग्रह मात्र त्यांनी सोडला नाही. ज्या राज्यात त्यांचं राजकीय वजन होतं तेच मोडायला ते सांगत होते. १ नोव्हेंबर १९५६ ला तसं झालं आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांना गुरू मानत. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेत स्वामीजींचं निधन झालं.

त्यांच्या इंग्रजी आठवणी १९६७ मध्ये पुस्तकरूपाने आल्या आहेत. बीड जिल्ह्यातल्या शिक्षकांना एक विनंती. येत्या १७ सप्टेंबरला ध्वजवंदनानंतर मुलांना रझाकारांच्या अत्याचारांबरोबरच ‘गश्ती ५३’ ही सांगा, आणि १९३८ चा सत्याग्रह मध्येच का थांबवला, तेही सांगा.