फाईल पोहोचली, अक्षरे कुठे राहिली?

छत्रपती संभाजीनगरचा क्रांती चौक १८५७ च्या उठावाची स्मृती जपतो. शहरातील आंदोलनांचा तो नेहमीचा साक्षीदार आहे. मराठा क्रांती मोर्चांपैकी ९ ऑगस्ट २०१६ चा पहिला मोर्चाही याच चौकातून निघाला. मोर्चा म्हटला, की निवेदन आले, पत्रक आले, फलकाचा मजकूर आला. पूर्वी हे काम टंकलेखन यंत्रावर होत असे. गेल्या शतकाच्या अखेरीस ते 'डीटीपी' करणाऱ्यांच्या संगणकावर गेले. त्या काळापासूनची निवेदने, सोसायट्यांची इतिवृत्ते, वकिलांचे अर्ज, विद्यापीठात सादर झालेले प्रबंध आणि घरातील वडीलधाऱ्यांनी टंकून घेतलेल्या आठवणी असा मोठा मराठी मजकूर आज जुन्या संगणकांत पडून आहे.

हे संगणक आता वेगाने अडगळीत चालले आहेत. 'विंडोज एक्सपी'चा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी काढून घेतला, 'विंडोज ७'चा १४ जानेवारी २०२० रोजी, तर 'विंडोज १०'चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नवा संगणक घरी येतो, जुन्यातील फायली त्यात घातल्या जातात आणि जुना भंगारात जातो. काही महिन्यांनी एखादी जुनी फाईल उघडावी, तर पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा निरर्थक गुंता! तोवर जुना संगणक हाताशी नसतो. म्हणूनच फाईल हलविताना काय बिघडते आणि ते कसे सावरावे, हे आधीच समजून घेतलेले बरे.

आधी यादी, मग प्रवास

पहिली चूक यादी न करण्याची. 'माय डॉक्युमेंट्स' आणि 'डेस्कटॉप' हे दोन फोल्डर उचलले, की काम झाले असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात मजकूर 'डी' ड्राइव्हवर, जुन्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये किंवा ई-मेलच्या साठ्यात दडलेला असतो. डेस्कटॉपवर दिसणारी चित्रे पुष्कळदा फायली नसून 'शॉर्टकट' असतात. कोपऱ्यात लहानसा बाण असेल, तर ती केवळ फाईलकडे नेणारी पाटी होय. अशी पाटी पेन ड्राइव्हवर घेतली, तर नव्या संगणकावर ती कुठेच नेत नाही. अर्धशतकाच्या आठवणींची फाईल अवघ्या एक-दोन 'केबी'ची दिसत असेल, तर शंका घ्यावी.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील माहिती हाताने उचलण्यापेक्षा त्याच सॉफ्टवेअरमधील 'बॅकअप' आणि 'रिस्टोअर' या सोयींनी न्यावी. सॉफ्टवेअर मात्र कॉपी करून चालत नाही. ते नव्या संगणकावर पुन्हा बसवावे लागते. फार जुनी, १६ बिटांची सॉफ्टवेअर ६४ बिटांच्या विंडोजवर चालतच नाहीत आणि 'विंडोज ११' केवळ ६४ बिटांतच मिळते. काही मराठी सॉफ्टवेअरबरोबर 'डोंगल' हे कुलूप येत असे. ते संगणकामागच्या रुंद प्रिंटर पोर्टमध्ये बसणारे असेल, तर नव्या लॅपटॉपला त्यासाठी जागाच नसते. अशा वेळी त्या सॉफ्टवेअरमधील काम जुना संगणक चालू असतानाच उरकले पाहिजे.

वाटेतील अडथळे

फायली नेण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला पेन ड्राइव्ह किंवा बाह्य हार्ड डिस्कचा, दुसरा दोन्ही संगणक नेटवर्कने जोडण्याचा आणि तिसरा जुन्या संगणकाची हार्ड डिस्क काढून नव्याला जोडण्याचा. प्रत्येक मार्गावरील अडचणी वेगळ्या आहेत.

पेन ड्राइव्हवर पुरेशी जागा असूनही मोठी फाईल जात नसेल, तर त्याची मांडणी 'फॅट ३२' पद्धतीची आहे असे समजावे. या पद्धतीत एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी असू शकत नाही. लग्नाचे चित्रीकरण किंवा ई-मेलचा साठा इथेच अडतो. पेन ड्राइव्ह रिकामा करून 'एक्सफॅट' किंवा 'एनटीएफएस' पद्धतीने 'फॉरमॅट' केला, की हा अडसर दूर होतो. मात्र, एक्सपीवर 'एक्सफॅट' वाचण्यासाठी वेगळी जोडणी बसवावी लागते, म्हणून एक्सपीसाठी 'एनटीएफएस' सोयीचे.

नेटवर्कने जोडताना एक्सपी आणि 'विंडोज १०' किंवा '११' यांना एकमेकांची ओळख पटत नाही, ही नित्याची तक्रार. तिचे कारण बिघाड नसून सुरक्षा आहे. एक्सपी ज्या जुन्या पद्धतीने फायली वाटून देते, ती 'एसएमबी १' पद्धत धोकादायक ठरली. २०१७ च्या 'वॉनाक्राय' या घातक प्रोग्रॅमने तिच्यातील दोषाचाच लाभ घेतला होता. त्याच वर्षीच्या शरद ऋतूतील आवृत्तीपासून नव्या विंडोजमध्ये ती पद्धत आपोआप बसविली जात नाही. ती मुद्दाम चालू करण्यापेक्षा बाह्य डिस्कचा मार्ग पत्करावा.

जुनी हार्ड डिस्क काढून जोडायची असेल, तर आधी तिचा जोड पाहावा. रुंद, चाळीस टाचण्यांचा जोड असेल तर ती 'आयडीई'; अरुंद, चपटा असेल तर 'साटा'. दोहोंसाठी यूएसबीला जोडणारे परिवर्तक मिळतात. डिस्क जोडल्यावर फोल्डर उघडताना 'परवानगी नाही' असा संदेश आला, तरी घाबरू नये. फायलींची मालकी जुन्या संगणकावरील खात्याच्या नावे असते. नव्या संगणकावर प्रशासक म्हणून ती स्वतःकडे घेता येते. जुन्या खात्यातून फायली कुलूपबंद, म्हणजे 'एन्क्रिप्ट' केल्या असतील, तर मालकी घेऊनही उपयोग होत नाही. त्यांची किल्ली जुन्या संगणकावरच असते आणि ती तिथूनच आधी काढून घ्यावी लागते.

डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर मात्र सारे प्रयोग थांबवावेत. तो यांत्रिक बिघाडाचा इशारा आहे. वीज देऊन ती जितकी अधिक फिरवावी, तितकी माहिती परत मिळण्याची शक्यता घटते. अशी डिस्क जाणकाराकडेच सोपवावी.

आणखी दोन पथ्ये. फायली हलविताना 'कट' नव्हे, 'कॉपी' करावी, म्हणजे मध्येच वीज गेली तरी मूळ प्रत शाबूत राहते. शिवाय, जुन्या संगणकातील विषाणू पेन ड्राइव्हवर स्वार होऊन येतात, म्हणून नव्या संगणकावर तो उघडण्यापूर्वी तपासून घ्यावा.

अक्षरे कशी हरवतात?

आता मराठी वाचकाचा खरा प्रश्न. फाईल सुखरूप पोहोचली, आकारही तोच, तरी मजकूर का दिसत नाही? याचे उत्तर जुन्या मराठी फाँटच्या रचनेत आहे. संगणक अक्षर साठवत नाही, अक्षराचा क्रमांक साठवतो. इंग्रजीचे क्रमांक फार पूर्वी ठरले होते. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये स्वीकारले. 'युनिकोड'ची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची आणि तिच्यात देवनागरीला स्थान होते. परंतु, नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा वापर रुळायला पुढे अनेक वर्षे लागली.

मधल्या काळात व्यवसाय थांबणार नव्हता. पुण्यातील सी-डॅकचे 'आयएसएम', मॉड्युलर इन्फोटेकचे 'श्री-लिपी', त्याचबरोबर 'आकृती', 'कृतिदेव' अशा साधनांनी ती गरज भागविली. त्यांच्या फाँटमध्ये युक्ती अशी, की इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर देवनागरी अक्षराचे चित्र बसवायचे. 'कृतिदेव'मध्ये 'मराठी' हा शब्द टंकला, तर फाईलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजीतील ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच अक्षरे साठविली जातात. 'कृतिदेव' बसविलेल्या संगणकावर ती 'मराठी' अशी दिसतात. तो नसेल, तर ती निखळ इंग्रजी पाच अक्षरे उरतात. थोडक्यात, मराठी फाईलमध्ये नव्हतीच, ती फाँटमध्ये होती. आपण फाईल आणली आणि फाँट जुन्या संगणकावरच राहिला.

यामुळे शोधही घेता येत नाही. नव्या संगणकावर 'औरंगाबाद' असे युनिकोडमध्ये टंकून शोध दिला, तर अशा जुन्या फायलींतील शेकडो 'औरंगाबाद' सापडत नाहीत, कारण संगणकाच्या लेखी तो शब्द तिथे नाहीच. शहराचे नाव २०२३ मध्ये बदलले. पण त्याआधीचे कागद शोधायचे, तर जुनेच नाव शोधावे लागणार आणि तेही हाती न लागणार, असा हा पेच आहे.

लक्षणावरून निदान

पडद्यावर काय दिसते, यावरून रोग ओळखता येतो.

इंग्रजी अक्षरांचा गुंता दिसत असेल, तर फाँट नाही; मजकूर सुरक्षित आहे. 'वर्ड'मध्ये तो मजकूर निवडून फाँटच्या चौकटीत पाहावे. फाँट संगणकावर नसला, तरी त्याचे मूळ नाव तिथे दिसते. ते टिपून घ्यावे.

चौकोनी डबे दिसत असतील, तर मजकूर बहुधा युनिकोडमध्ये आहे, परंतु वापरातील फाँटमध्ये ते अक्षर नाही. उदाहरणार्थ, 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये दाखल झाले. त्याआधीच्या फाँटमध्ये ते मिळत नाही. फाँट बदलला, की डबे जातात.

मात्रा-चिन्हे चढविलेली विचित्र रोमन अक्षरे एकाच नमुन्यात पुनःपुन्हा येत असतील, तर युनिकोड मजकूर चुकीच्या पद्धतीने वाचला जात आहे. फाईल उघडताना 'यूटीएफ ८' हा पर्याय निवडावा.

ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हांच्या असतील, तर मात्र बातमी वाईट. युनिकोड मजकूर 'एएनएसआय' प्रकारात जतन केला, तर प्रत्येक देवनागरी अक्षराच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिले जाते. त्यातून मूळ मजकूर परत आणता येत नाही; दुसरी प्रत शोधणे एवढेच हाती उरते.

उपाय

सर्वांत सोपा उपाय जुना संगणक चालू असतानाच करायचा. विंडोजच्या फोल्डरमधील 'फाँट्स' हा फोल्डर फायलींबरोबरच जपून ठेवावा आणि परवाना असलेले फाँट नव्या संगणकावर बसवावेत. महत्त्वाच्या फायलींची जुन्या संगणकावरच पीडीएफ प्रत काढावी. पीडीएफ करताना फाँट आत सामावून घेतला, तर अक्षरांचा आकार पुढे कोणत्याही संगणकावर तसाच दिसतो. तिच्यातून शोध घेता येत नाही. पण वाचता येते आणि छापता येते.

कायमचा उपाय म्हणजे युनिकोडमध्ये रूपांतर. त्यासाठी परिवर्तक उपलब्ध आहेत. प्रत्येक फाँटची मांडणी वेगळी असल्याने 'श्री-लिपी'चा मजकूर 'कृतिदेव'च्या परिवर्तकात घातला, तर नवाच गुंता तयार होतो. म्हणून टिपून ठेवलेले फाँटचे नाव इथे उपयोगी पडते.

रूपांतरानंतर मुद्रितशोधन अटळ आहे. जुन्या फाँटमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठविली जात, युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने साठविली जातात. त्यामुळे पहिली वेलांटी आणि रफार हमखास भलत्या अक्षरावर जाऊन बसतात. 'दऱ्या', 'तऱ्हा' यांतील अर्धा र, जोडाक्षरे, आकडे आणि अवतरणचिन्हे डोळ्यांखालून घालावीत. मजकुरात मधूनच खरे इंग्रजी शब्द असतील, तर परिवर्तक त्यांनाही मराठी समजून त्यांची मोडतोड करतो. नावे आणि रकमा असलेल्या कागदांत हे विशेष जपावे. मूळ फाईल कधीही पुसू नये. रूपांतरित प्रत वेगळ्या नावाने ठेवावी.

निरोप घेण्यापूर्वी

दोन्ही संगणकांवर फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये फायलींची संख्या आणि एकूण आकार जुळतो का, ते पाहावे. तेवढ्यावर न थांबता प्रत्येक वर्षातील दोन-चार फायली उघडून वाचाव्यात. संख्या जुळली म्हणजे फाईल पोहोचली. वाचता आली म्हणजे मजकूर पोहोचला. त्यानंतरही जुना संगणक काही आठवडे तसाच ठेवावा आणि महत्त्वाच्या मजकुराची आणखी एक प्रत बाह्य डिस्कवर, शक्य तर दुसऱ्या घरी ठेवावी.

शेवटी डिस्क पुसण्याचे काम. 'डिलीट' केल्याने किंवा झटपट 'फॉरमॅट' केल्याने माहिती जात नाही, केवळ तिची नोंद जाते. बँकेचे कागद, ओळखपत्रांच्या प्रती परक्याच्या हाती पडू नयेत, यासाठी संपूर्ण डिस्कवर नव्याने लिहिणारी पुसण्याची पद्धत वापरावी. मग संगणक रस्त्यावरच्या भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत ई-कचरा पुनर्प्रक्रिया केंद्राकडे द्यावा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनाही तेच अभिप्रेत आहे.

कागदावरच्या जुन्या मोडी दफ्तरांना आज वाचक शोधावे लागतात. पंचवीस वर्षांपूर्वीच्या मराठी फायलींवर ती वेळ येऊ द्यायची नसेल, तर जुना संगणक अजून सुरू होतो आहे, तोवरचा अवधी हाताशी आहे. या रविवारी तो एकदा सुरू करावा आणि पहिल्यांदा 'फाँट्स'चा फोल्डर कॉपी करावा.