जुना टी.व्ही. आणि तीन वाहिन्या

आमच्या घरी लाकडी पेटीचा एक जुना टी.व्ही. आहे. त्याचे चित्र काळे-पांढरे. उजवीकडे एक मोठी गोल कळ आहे. ती फिरवली की ‘कट् कट्’ आवाज होतो आणि २ ते १२ असे आकडे येतात. एके दिवशी भंगारवाला दाराशी आला, तेव्हा दादी म्हणाल्या, “अरे, हा बिघडलेला नाही! त्याला दाखवायला काही उरले नाही, एवढेच.”

दादींचे म्हणणे खरे होते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शनचे मुंबई केंद्र सुरू झाले. त्या काळी छतावरच्या अँटेनातून चित्र येई. पुढे नवे तंत्र आले. २०२२ पर्यंत दूरदर्शनने जुन्या पद्धतीचे बहुतेक प्रक्षेपक बंद केले. आता कळ कितीही फिरवा, पडद्यावर नुसत्या मुंग्या!

मुलांनो, अशा संचाला पिवळी, लाल, पांढरी वायर लावायला जागाच नसते. त्याला फक्त अँटेनाचे तोंड असते. म्हणून चित्र आणि आवाज आधी रेडिओलहरीवर बसवावे लागतात. हे काम मॉड्युलेटर नावाची छोटी डबी करते. प्रत्येक वाहिनीची लहर ठरलेली असते. चौथ्या वाहिनीचे चित्र ६२.२५ मेगाहर्ट्झवर असते आणि आवाज त्याच्या ५.५ मेगाहर्ट्झ वर. डबी आपल्याकडच्या ‘पाल-बी’ पद्धतीचीच घ्यावी. अमेरिकी डबीत हे अंतर ४.५ असते, मग चित्र दिसले तरी आवाज नीट येत नाही.

मी तीन डब्या आणल्या. एक सेट-टॉप बॉक्सला, दुसरी डीव्हीडी प्लेअरला आणि तिसरी पेन ड्राइव्हवरील चित्रपट दाखवणाऱ्या यंत्राला लावली. केबलवाले एका वायरच्या अनेक वायरी करायला जो स्प्लिटर वापरतात, तोच उलटा लावून तिन्ही वायरी एकत्र केल्या. जुन्या संचाला चपटी, ३०० ओहमची वायर लागते आणि केबल असते ७५ ओहमची. त्यांच्या मधे बालून नावाचा लहानसा जोड लावला.

पहिल्या दिवशी मात्र माझी फजिती झाली. मी ३ आणि ४ या शेजारच्या वाहिन्या निवडल्या होत्या. स्वस्त डबीची लहर खालच्या बाजूलाही सांडते. त्यामुळे तीनवरच्या चित्रात चारच्या रेघा उमटल्या. शेवटी २, ४ आणि ८ अशी जागा सोडून मांडणी केली, तेव्हा चित्र स्वच्छ झाले. चेहरे मात्र लांबुळके दिसत होते, कारण जुना पडदा ४:३ मापाचा आहे. बॉक्समध्ये तेच माप निवडल्यावर चेहरे ठीक झाले.

दोन गोष्टी कधीही करू नका. ही वायर छतावरच्या अँटेनाला जोडू नका. तसे केल्यास तुमचे चित्र शेजाऱ्यांच्या घरी पोहोचेल, आणि परवान्याशिवाय प्रक्षेपण करणे हा गुन्हा आहे. संचाचे मागचे झाकणही उघडू नका. चित्रनळीत दहा हजारांहून जास्त व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही विजेचा भार काही काळ उरतो. ते काम जाणत्या कारागिराचे आहे.

आता संध्याकाळी दादी स्वतः उठून कळ फिरवतात. दोनवर बातम्या, चारवर जुने चित्रपट. रिमोट दिला तर म्हणतात, “हा ‘कट्’ असा आवाज कुठे करतो?”