कमरेची टेप आणि दुसरा महिना

तुळिंजच्या चाळीत दुपारी बाराला आशाताई दार वाजवते, तेव्हा घरात बाई असते, सासू असते, शाळेतून आलेलं पोर असतं. घरातला पुरुष पहाटेची लोकल धरून चर्चगेटकडे गेलेला असतो, नाहीतर वालीवच्या एखाद्या गाळ्यात पाळीवर असतो. नालासोपारा पूर्वेत रक्तदाब नि मधुमेह शोधायचा म्हटलं की पहिली अडचण इथेच येते. ज्याची तपासणी सगळ्यात गरजेची, तोच घरी सापडत नाही.

आशाताईजवळ एक फॉर्म असतो. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा तो भरायचा. वय किती, तंबाखू-मिश्री आहे का, दारू आहे का, आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं किंवा अंगमेहनत होते का, घरात कुणाला बीपी, शुगर किंवा हृदयाचा त्रास आहे का, आणि कमरेचा घेर किती. बाईचा घेर 80 सेंटिमीटरच्या वर आणि पुरुषाचा 90च्या वर गेला की गुण वाढतात. ही टेप नीट लावणं जमलं पाहिजे. शेवटची बरगडी नि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, माणसाने श्वास सोडल्यावर, आवळून न धरता. साडीच्या निऱ्यांवरूनच मापलं तर घेर उगाच फुगतो. एकूण गुण 4च्या वर गेले की त्या माणसाला तपासणीला आधी बोलवायचं. पण गुण म्हणजे निदान नव्हे. कमी गुणांच्या माणसालाही तपासायचंच आहे.

रक्तदाब मोजतानाही घाई नडते. जिना चढून आलेल्या बाईच्या दंडाला लगेच पट्टा गुंडाळला तर आकडा खोटा येतो. पाच मिनिटं पाठ टेकून बसवावं, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला टेकलेला. आधीच्या अर्ध्या तासात चहा नको, तंबाखू नको. मोजताना गप्पा मारू नयेत. मग दोनदा मोजावं. 140/90 किंवा त्याहून जास्त आला तर डॉक्टरकडे पाठवायचं आणि पुन्हा मोजून खात्री करायची.

इथवरचं काम तसं सोपं आहे. खरी कसोटी दुसऱ्या महिन्यात लागते: माणूस पुन्हा गोळ्या न्यायला येतो का?

भारतात 2017 साली उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक मोठा उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातले सुरुवातीचे जिल्हे होते सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा. औषधं कोणती, किती, कधी वाढवायची याचा एकच लेखी क्रम सगळ्या केंद्रांना दिला. घराजवळच्या केंद्रात महिन्याच्या गोळ्या एकदम मिळतील असं पाहिलं. आणि नोंदीत माणसांचे तीन गट केले: बीपी आटोक्यात असलेले, नसलेले आणि आलेच नाहीत ते. माझ्या मते हा तिसरा गटच सगळ्यात मोलाचा, कारण न आलेला माणूस कागदावर दिसला तरच त्याला कुणीतरी फोन करतं, कुणीतरी त्याच्या घरी जातं. 2022 साली या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

माणूस का येत नाही? बीपी दुखत नाही. गोळ्या संपल्या तरी दोन दिवसांत काही होत नाही. गणपतीला गावी गेला, गोळ्यांची पाकिटं इथेच राहिली. कुणाचा एक दिवसाचा रोज बुडतो. हे सगळं दवाखान्यातल्या डॉक्टरला कळायला मार्ग नाही. शेजारणीला मात्र ठाऊक असतं. म्हणून राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाने महिला आरोग्य समित्या आणल्या: 50 ते 100 घरांमागे दहा-बारा बायका, वर्षाला 5,000 रुपयांचा निधी. जामखेडला आरोळे या डॉक्टर दांपत्याने 1970 साली सुरू केलेल्या आरोग्य प्रकल्पात गावच्याच बायकांना तयार केलं, तेव्हा हेच ओळखलं होतं.

अशी समिती गोळ्या देत नाही, द्यायच्याही नाहीत. कोण गावी गेलं, कधी परतणार, कुणाच्या गोळ्या संपत आल्या, हे ती आशाताईला सांगते. रिक्षा स्टँडवर रविवारी सकाळी तपासणी ठेवायची तर युनियनवाल्यांशी बोलते. गाळ्याच्या मालकाला विनवते की पाळी बदलताना अर्धा तास द्या. संध्याकाळी लोक ज्या खासगी डॉक्टरकडे जातात, त्यांच्याकडचा आकडाही माणसाजवळच्या बीपी-कार्डावर चढावा म्हणून गळ घालते.

बॅनर लावून केलेल्या शिबिरांबद्दल मला कळकळीने सांगायचंय. शंभर जणांचं बीपी मोजलं, फोटो निघाले, आणि कुणालाही पुढची तारीख दिली नाही, तर ज्याचा आकडा 170 आला तो घाबरून घरी जातो आणि चार दिवसांत विसरतो. शिबिर घ्यायचं तर त्याच टेबलावर नोंदवही हवी, जवळच्या केंद्राचं नाव हवं, येण्याचा वार हवा.

आणि वेळही पाहा. राज्याने 1 मे 2023 रोजी ‘आपला दवाखाना’ योजना सर्वत्र आणली, तेव्हा वेळ दुपारी 2 ते रात्री 10 अशी धरली. साडेआठच्या लोकलने उतरलेला माणूस या वेळेत पोचू शकतो. त्याचं कार्ड बायकोने सकाळीच डब्याच्या पिशवीत घातलेलं असलं, तर तो घरी जायच्या आधी गोळ्या घेऊन जातो.