पाय चेपणे, चोळणे, रगडणे : शब्द आणि कृती

बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव येथून गजानन महाराजांची पालखी आषाढी एकादशीसाठी पायी पंढरपुरास जाते. सातशे किलोमीटरांहून अधिक असलेली ही वाट चालण्यास सुमारे एक महिना लागतो. मुक्कामावर पोचलेल्या वारकऱ्यास प्रथम पायांची काळजी घ्यावी लागते. उद्याची मजल त्यांच्यावरच अवलंबून असते. अशा वेळी 'पाय दुखून राहिले' हा वऱ्हाडी प्रयोग नेमका ठरतो. दुखणे अद्याप चालू आहे, हा अर्थ त्यातील 'राहणे' या सहायक क्रियापदाने व्यक्त होतो.

या दुखण्यावरील उपायास हल्ली सरसकट 'मालिश' म्हटले जाते. हा शब्द फारसीतून आलेला असून चोळणे हा त्याचा मूळ अर्थ होय. मराठीतील जुनी क्रियापदे मात्र एकमेकांची पर्यायी नाहीत. चेपताना हात सरकत नाही. मांसल भाग मुठीत आवळून सोडावयाचा असतो. चोळताना हात कातडीवरून फिरतो, म्हणून तेल लागते. दाबताना जोर एका ठिकाणी एकवटतो. रगडताना जोर आणि घर्षण दोन्ही असतात. अर्थात कोणत्या भागास कोणती क्रिया योग्य, याचे ज्ञान या भेदातच साठविलेले आहे.

'पाय चेपून देणे' ही परंपरेने दुसऱ्याची सेवा. परंतु हे काम स्वतःही करता येते. बसून एक पाऊल दुसऱ्या मांडीवर घ्यावे. थोडे तेल लावून तळवा टाचेपासून बोटांकडे चोळावा. नंतर पोटरी घोट्यापासून गुडघ्याकडे हलके चेपत जावी. तळव्याची कमान अंगठ्याने दाबावी. रगडणे टाचेच्या जाड कातडीपुरतेच ठेवावे. शेवटी पायाची बोटे हाताने नडगीकडे ओढून धरावीत. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत गेलेला तळव्यातील चिवट पट्टा यामुळे ताणला जातो. वाकता येत नसल्यास बसल्या बसल्या तळव्याखाली लाटणे फिरवावे. प्रत्येक पायास चार-पाच मिनिटे पुरेत.

वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त दिनचर्येतील अभ्यंग सांगताना मस्तक, कान व पाय यांवर विशेष भर दिलेला आहे. काशाच्या वाटीने तळवे घासण्याची रीत महाराष्ट्रात परिचित आहे. त्या वेळी तळव्यावर येणारा काळेपणा म्हणजे बाहेर पडलेली उष्णता, असा समज आढळतो. वस्तुतः तो धातू आणि स्निग्ध पदार्थ यांच्या संयोगाचा परिणाम होय. आराम मिळतो तो घर्षणामुळे व स्नायू सैल पडल्यामुळे. हा आराम तात्पुरता असतो. विश्रांती व योग्य पादत्राणे यांची जागा तो घेऊ शकत नाही.

काही प्रसंगी हात आवरणेच इष्ट. एकच पोटरी सुजली, लाल व गरम झाली, तर ती चेपू नये. शिरेत रक्ताची गुठळी असण्याचा संभव असतो व वैद्यकीय तपासणी तातडीने करावी लागते. मधुमेहामुळे पायांची संवेदना मंदावलेल्यांनी जोराने रगडू नये, कारण झालेली इजा त्यांना कळत नाही. फोड अथवा जखम असलेली जागाही वगळावी.

चारही क्रियांना एकच नाव दिले, की केवळ शब्द लोपत नाहीत. कोठे जोर द्यावा आणि कोठे देऊ नये, हा विवेकही त्यांच्याबरोबर पुसट होतो.